सहा इंची आरसा, सव्वीस ग्रॅम काच

प्रश्न असा आला आहे : "मी आयटीआयचा फिटर आहे. विज्ञानाची पदवी नाही. गावाबाहेर आकाश चांगलं काळोखं मिळतं, पण साठ-सत्तर हजारांची दुर्बीण घेणं शक्य नाही. आरसा स्वतः घासून सहा इंची दुर्बीण करता येते असं ऐकलं. यंत्राशिवाय आणि भौतिकशास्त्र न शिकता हे खरंच जमतं का? की आधी एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन शिकायला हवं?"

जमतं. आणि जो भाग सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महाग वाटतो, तो आरसाच हाताने उत्तम होतो. बाकीच्या काही वस्तू मात्र विकतच घ्याव्या लागतात, त्या पुढे सांगतो.

आधी अचूकतेचं बोलू, कारण शंका तिथेच असते. चांगल्या आरशाच्या पृष्ठभागात साधारण ७० नॅनोमीटरपेक्षा जास्त चूक चालत नाही. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे ही चूक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. लेथवर शतांश मिलिमीटर पकडणाऱ्या फिटरला हा आकडा अशक्य वाटणार. पण इथे अचूकता यंत्राच्या स्लाइडमधून येत नाही. दोन चकत्या मध्ये पूड घालून एकमेकींवर सगळ्या दिशांनी, फिरवत फिरवत घासल्या, तर त्यांच्यात एकच आकार टिकतो : गोलाचा तुकडा. एक खोलगट, दुसरी तेवढीच फुगीर. दुसरा कुठलाही आकार सर्व दिशांनी सरकताना पूर्ण टेकत नाही. जिथे उंचवटा असेल तिथेच दाब पडतो आणि तोच झिजतो. हाताचा प्रत्येक घाव थोडा वेगळा पडतो, कधी लांब, कधी तिरका, आणि हजारो घावांत हे फरक एकमेकांना पुसून टाकतात. यंत्राची तीच ती फेरी पुन्हा पुन्हा पडली तर उलट काचेवर वलयं उमटतात. हाताचं अनियमितपण इथे उपयोगाला येतं.

म्हणून या कामात लागते ती नियमित बैठक. एका सहा इंची आरशाला नवख्या माणसाचे ३० ते ५० तास जातात. रोज दीड तास दिला तर महिनाभर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलंच असतं, तेव्हा हे काम पावसाळ्यात काढावं म्हणजे दिवाळीपर्यंत दुर्बीण उभी राहते.

आता नेमकं काय करायचं ते. माप १५० मिमी व्यास आणि १२०० मिमी नाभीय अंतर (आरशापासून दूरच्या वस्तूचं प्रतिबिंब पडतं तिथपर्यंतचं अंतर) धरा, म्हणजे एफ/८ : नाभीय अंतर व्यासाच्या आठ पट. पहिल्या आरशाला याहून छोटं नाभीय अंतर घेऊ नका. एफ/५ ची नळी आखूड आणि सोयीची होते म्हणून मोह होतो, पण तिचा शेवटचा आकार देणं कितीतरी पटींनी अवघड. एफ/८ ला गणिताने मोठी सवलत मिळते, ती पुढे येईलच.

काच १९ किंवा २५ मिमी जाडीची. साधी फ्लोट काच चालते. बोरोसिलिकेट मिळाली तर अधिक चांगलं, कारण ती तापमानाने साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते आणि त्यामुळे तपासताना थांबावं कमी लागतं. पण ती मिळेना म्हणून काम अडवून ठेवू नका. जुन्या काचेत ताण अडकलेला असतो, तो असा बघा : संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, काच पुढे धरा आणि पोलराइड गॉगल फिरवत पडदा काळा होईपर्यंत बघा. त्या काळ्या पार्श्वभूमीवर काचेत कडेपाशी हलकी, एकसारखी चमक दिसली तर ठीक. उजळ पट्टे किंवा एका बाजूला ढग दिसला तर ती काच सोडून द्या, घासताना तिचा आकार सरकत राहील.

दुसरी चकती म्हणजे टूल. त्यासाठी काच विकत घ्यायची गरज नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची १५० मिमी व्यासाची, २५-३० मिमी जाडीची चकती ओता, पूर्ण वाळू द्या (यात आठवडा जातो, घाई केली तर ओलावा अडकतो), सगळीकडून इपॉक्सीचा हात द्या म्हणजे पाणी शिरणार नाही. मग वर व्हिट्रिफाइड फरशीचे साधारण २५ मिमीचे तुकडे ॲराल्डाइटने चिकटवा, मध्ये ४-५ मिमी फटी ठेवून. एक काळजी घ्या : चकतीचा मध्यबिंदू एखाद्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर किंवा फटींच्या चौकावर येऊ देऊ नका, थोडा बाजूला सरकवा. नाहीतर आरशाच्या मध्यभागी खड्डा किंवा टेकडी पडते आणि ती का पडली हे शोधण्यात चार दिवस जातात.

पूड : सिलिकॉन कार्बाइड, ज्याला दुकानात कार्बोरंडम म्हणतात. तिच्या प्रत्येक नंबराला ग्रिट म्हणतात, नंबर जितका मोठा तितकी पूड बारीक. ८० नंबर ३०० ग्रॅम, १२० आणि २२० प्रत्येकी १०० ग्रॅम, ३२० आणि ५०० प्रत्येकी ५० ग्रॅम, शेवटी ५ मायक्रॉनची ॲल्युमिनिअम ऑक्साइड २५ ग्रॅम. चकाकीसाठी सेरियम ऑक्साइड ७५ ते १०० ग्रॅम. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पुडीचा डबा, चमचा आणि फडकं वेगळं.

काम कशावर करायचं? कमरेएवढं उंच पिंप, तळाला वाळू भरून जड केलेलं, वर जाड प्लायची चकती आणि तीन खुंट्या. पिंप अशासाठी की त्याच्याभोवती फिरत फिरत घासता येतं. काही घाव मारायचे, एक पाऊल डावीकडे सरकायचं, हातातला आरसा थोडा उजवीकडे वळवायचा. हे दोन फिरणे कधी थांबता कामा नये. एकाच जागी उभं राहून घासलं की आरसा एका दिशेला जास्त झिजतो आणि अस्टिग्मॅटिझम येतो, म्हणजे तारा बिंदूऐवजी रेघ होतो. तो दोष नंतर काढायचा तर बहुधा मागच्या ग्रिटपर्यंत परत जावं लागतं.

सुरू करण्यापूर्वी आरशाच्या कडेला ४५ अंशांत २-३ मिमीचा उतार द्या, धार लावायच्या ओल्या दगडाने. हा उतार नसला की कडेचे टवके उडतात, आणि असा एक टवका दोन चकत्यांमध्ये सापडला की लांब ओरखडा ठरलेला. प्रत्येक ग्रिटनंतर उतार शिल्लक आहे का बघा आणि गरज पडली तर पुन्हा काढा.

८० नंबरचं काम म्हणजे खड्डा खोदणं. टूल खाली, आरसा वर. टूलवर अर्धा चमचा पूड, पाण्याचा फवारा. आरसा टूलच्या मध्यावरून न नेता बाजूने, जीवेच्या रेषेत पुढे-मागे न्यायचा, म्हणजे तो टूलच्या कडेबाहेर एक तृतीयांशपर्यंत लोंबकळतो. आरशाचा मध्य टूलच्या कडेवर दाबला जातो, म्हणून मध्य खोल होतो. आवाज ऐका : नवीन पूड करकर वाजते, ३-४ मिनिटांत आवाज मऊ होतो, तेव्हा पूड फुटून निकामी झालेली असते. तिच्यावर पुढे घासत राहणं म्हणजे नुसती मेहनत वाया. पुसा आणि नवी घाला.

किती खोल जायचं? मध्यभागी १.१७ मिमी. हिशोब नववी-दहावीच्या भूमितीचा आहे : त्रिज्येचा वर्ग भागिले नाभीय अंतराची चौपट, म्हणजे ५६२५ भागिले ४८००. मोजायला सरळ पट्टी आरशावर आडवी ठेवा आणि मध्ये १.२ मिमीच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा सरकवून बघा. ड्रिल पट्टीला टेकून अडखळत जायला लागलं की पोचलात. १ मिमीपर्यंत आलात की बाजूचे घाव बंद करा आणि मध्यावरून जाणारे छोटे घाव सुरू करा. नुसता खड्डा अजून गोल नसतो, कडेला सपाट गोट राहिलेला असतो, तो या घावांनी जातो.

नाभीय अंतर पडताळायला आरसा पाण्याने ओला करून सूर्याचं प्रतिबिंब भिंतीवर पाडतात आणि ते सर्वांत लहान, सर्वांत ठळक होईल ते अंतर मोजतात. ५० मिमी इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, नळी त्यानुसार कापता येते. हे करताना प्रतिबिंबाच्या वाटेत डोळा आणू नका.

या सगळ्या खोदकामात काचेतून किती माल निघतो? घनफळ काढलं तर साधारण १० घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वीस ग्रॅम काच. पुढच्या बारीक ग्रिटांत फार थोडी, चकाकी देताना अर्धा ग्रॅमही नाही, आणि शेवटचा आकार देताना फक्त काही मिलिग्रॅम. जितकी काच कमी निघते, तितका वेळ आणि लक्ष जास्त लागतं. पुष्कळ जण उलट करतात : सुरुवातीला जोर लावतात आणि शेवटी कंटाळतात.

बारीक ग्रिटांच्या टप्प्यात नवख्याचे आरसे सर्वांत जास्त बिघडतात. प्रत्येक ग्रिटला ४५ मिनिटं ते एक तास द्या. घाव मध्यावरून, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचे. ग्रिटचं काम एकच : मागच्या ग्रिटने पाडलेले खड्डे पूर्ण घालवणं. आयपीस (दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग) उलटा धरून किंवा दहापट भिंगातून आरसा खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा. सगळे खळगे एकसारखे बारीक दिसले पाहिजेत, मध्ये, अर्ध्यावर आणि कडेला. बहुतेक वेळा कड मागे राहते. एखादाच मोठा खळगा सगळीकडे विखुरलेला दिसला तर अजून अर्धा तास. टूल आणि आरसा सर्वत्र टेकतात का हे पाहायला शिसपेन्सिलीने आरशावर जाळी काढा आणि दोन मिनिटं घासा. रेघा सगळीकडे सारख्याच फिकट झाल्या तर आकार गोल आहे. मध्यभागी शिल्लक राहिल्या तर मध्य टेकत नाही. तेव्हा पुढे जाऊ नका, त्याच ग्रिटवर थांबा.

ग्रिट बदलताना आंघोळीएवढी सफाई. आरसा, टूल, फरशीच्या फटी ब्रशने, पिंपाचा माथा, खुंट्या, नखं, बाह्या. वर्तमानपत्र अंथरलं असेल तर फेकून नवीन. ८० नंबरचा एक कण ३२० मध्ये आला की ओरखडा असा पडतो की परत २२० वर जावं लागतं. ही पूड कोरडी उडू देऊ नका, ती फुप्फुसाला वाईट. आणि गाळ मोरीत ओतू नका : काचेची आणि कार्बोरंडमची पूड सिमेंटसारखी बसते आणि नळी तुंबते. बादलीत साचवून, निवळवून, घट्ट झाला की कचऱ्यात.

५०० आणि ५ मायक्रॉनमध्ये दोन चकत्या एकमेकींना चिकटून बसू शकतात, विशेषतः पाणी कमी पडलं तर. चिकटल्या तर मध्ये पटाशी घालू नका. कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि मग कडेवर लाकडी ठोकळा टेकवून सलग, हलका दाब द्या. घाई न केल्यास सुटतात.

यानंतर चकाकी. त्यासाठी टूलवर राळेचा थर चढवावा लागतो, त्याला सगळे पिच लॅपच म्हणतात. शुद्ध राळ फार ठिसूळ, म्हणून तिच्यात एरंडेल थोडं थोडं घालून मऊपणा आणायचा. ६ मिमी थर चढायला साधारण १२० ग्रॅम मिश्रण लागतं, सांडणं धरून २५० ग्रॅम वितळवा, विजेच्या शेगडीवर आणि मंद. उघड्या ज्वाळेवर नाही, वाफ पेट घेते. मिश्रणाचा एक थेंब काम करायच्या खोलीच्या तापमानाच्या पाण्यात टाकून पाच मिनिटांनी काढा आणि त्यावर नख सलग दाबा : दहाएक सेकंदांत खूण उठली पाहिजे. टचकन फुटलं तर एरंडेल अजून एक छोटा चमचा. नख सहज रुतलं तर राळ वाढवा. इथे हवामानाकडे लक्ष द्या. थंड देशांसाठी लिहिलेलं प्रमाण विदर्भातल्या मे महिन्यात चिखल होतं, आणि मे महिन्यात जमवलेलं प्रमाण नाशिकच्या जानेवारीत दगड. ज्या महिन्यात, ज्या खोलीत घासणार त्याच तापमानाला तपासा.

टूलभोवती चिकटपट्टीचं कुंपण करा, मिश्रण मधासारखं घट्ट झालं की ओता, थोडं बसू द्या. आरसा कोमट पाण्यात ठेवलेला असावा, त्याला सेरियमचं दाट पाणी फासून वरून दाबा. थर आरशाचा आकार घेतो. मग ओल्या धारदार पात्याने २५ मिमी चौकोनांच्या खाचा पाडा, पुन्हा मध्य चुकवून. राळेचे कण उडतात, चष्मा घाला. खाचा मिटत जातात, त्या दर दोन-तीन बैठकांनी पुन्हा पाडाव्या लागतात. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी आरसा लॅपवर ठेवून वर ४-५ किलो वजन, पंधरा-वीस मिनिटं. याला टाळाटाळ केली की लॅप पूर्ण टेकत नाही आणि आरशावर वलयं पडतात.

सेरियमचं पाणी दुधाएवढं पातळ. सहा इंचाला ६ ते १० तास लागतात. पहिल्या तासातच आरसा चमकायला लागतो आणि मन फसतं. खरी तपासणी लेझर पॉइंटरने : अंधारात किरण तिरका मारा आणि पृष्ठभागावर बाजूने बघा, परावर्तित किरण डोळ्यात येऊ न देता. ठिपका दिसतो तिथे अजून सूक्ष्म खळगे आहेत. पूर्ण चकाकलेल्या काचेवर ठिपका जवळजवळ दिसत नाही. तीन-चार तासांनीही कड राखाडीच राहिली तर चकाकी वाढवून उपयोग नाही, ५ मायक्रॉनवर परत जा. तिथे अर्धा तास घालवणं हे लॅपवर पाच तास घालवण्यापेक्षा बरं.

आता तपासणी. या घरगुती साधनासमोर लाखांचं उपकरणही फार पुढे जात नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑं फूको याने १८५८ मध्ये ही पद्धत काढली आणि तिला लागतं एक ब्लेड आणि एक बारीक उजेड. आरसा उभा करा, त्याच्यापासून वक्रता त्रिज्येएवढ्या (नाभीय अंतराच्या दुप्पट) म्हणजे २४०० मिमी अंतरावर एलईडीसमोर बारीक फट ठेवा. परत आलेलं प्रतिबिंब फटीच्या शेजारी पडतं. त्या प्रतिबिंबात ब्लेड आडवं सरकवत डोळ्याने आरशाकडे बघा. ब्लेड नेमकं केंद्रात असेल आणि आरसा गोलीय असेल तर सगळा आरसा एकदम, एकसारखा करडा होतो. ब्लेड आरशाच्या बाजूला सरकलं असेल तर सावली ब्लेडच्याच बाजूने येते, मागे सरकलं असेल तर उलट बाजूने. खड्डे-टेकड्या अशा दिसतात जणू एका बाजूने उजेड पडलेला मातीचा उंचसखल तुकडा. नॅनोमीटर मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण इतकी बारीक चूकही सावलीतून ठळकपणे डोळ्यासमोर उभी राहते.

इथे फिटरची बाजू भक्कम. ब्लेड बसवायचा सरकता ठोकळा एम६ बोल्टवर चालवा. त्याचा पीच १ मिमी, म्हणजे एक फेरी एक मिलिमीटर. डोक्यावर ५० भागांची कागदी चकती चिकटवली की ०.०२ मिमी वाचता येतं, आणि गरज फक्त ०.१ ची असते.

आरसा शेवटी गोलीय ठेवायचा नसतो, अन्वस्त म्हणजे पॅराबोला हवा, कारण दूरच्या ताऱ्याचे समांतर किरण गोलीय आरसा एका बिंदूत आणत नाही. अन्वस्तात मध्य आणि कड यांची केंद्रं वेगळ्या अंतरावर असतात. उजेडाची फट स्थिर ठेवून फक्त ब्लेड सरकवत असाल, तर हा फरक त्रिज्येचा वर्ग भागिले २४००. कागदात खिडक्या कापून २५, ५० आणि ७० मिमी त्रिज्येचे पट्टे वेगवेगळे बघा : आकडे ०.२६, १.०४ आणि २.०४ मिमी यायला हवेत. फट आणि ब्लेड एकाच ठोकळ्यावर असतील तर याच्या निम्मे. हा दुपटीचा घोटाळा पुष्कळांचा होतो आणि आरसा दुप्पट अन्वस्त करून बसतात, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की तुमची फट हलते की नाही.

आणि आता ती सवलत. १५० मिमी एफ/८ आरसा नुसता अचूक गोलीय राहिला, तरी परत येणाऱ्या प्रकाशात त्याची चूक तरंगलांबीच्या साधारण पाव भागाएवढी असते (पृष्ठभागावर याच्या निम्मी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेले ७० नॅनोमीटर), म्हणजे चालेल-न-चालेलच्या सीमेवर. थोडासा अन्वस्ताकडे कलवला तरी आरसा चांगल्यांत मोडतो. म्हणून आधी गोल निर्दोष करा, कड शाबूत ठेवा, मग ३ ते ५ मिनिटांच्या छोट्या बैठकांनी, आरसा वर ठेवून, जरा लांब आणि डब्ल्यूच्या आकाराचे घाव मारून मध्य किंचित खोल करा. प्रत्येक बैठकीनंतर थांबा. हाताच्या उबेने काच फुगलेली असते आणि लगेच तपासलं तर खोटा आकार दिसतो. साध्या काचेला निदान अर्धा तास द्या. हे थांबणं न जमल्यामुळे चांगले आरसे बिघडले आहेत.

कड पडणे हा सर्वांत नेहमीचा आजार. ब्लेडच्या तपासणीत शाबूत कडेवर दोन्ही बाजूंना केसासारखी उजळ रेघ दिसते. ब्लेडच्या बाजूची रेघ गायब असेल तर कड खाली गेली. कारणं बहुधा हीच : राळ मऊ, घाव लांब, किंवा बोटं कडेवर दाबताहेत. उपाय म्हणजे कडक लॅप, आखूड घाव आणि तळहाताचा दाब मध्यावर. मध्यात खड्डा पडला तर लांब घाव जास्त झाले. तो भरून येत नाही, बाकीचा पृष्ठभाग त्याच्या पातळीला आणावा लागतो, त्याला लॅप वर आणि आरसा खाली घेऊन आखूड घाव. अस्टिग्मॅटिझम ब्लेडला सहज सापडत नाही. त्यासाठी आयपीसमधून तारा बघा आणि फोकस आतबाहेर करा. चकती लांबट होऊन दुसऱ्या बाजूला ९० अंशांत फिरली तर दोष आहे. पुस्तकं यासाठी ध्रुवतारा सांगतात कारण तो हलत नाही, पण आपल्याकडे तो फार खाली, पुण्यात क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, आणि तिथली हवा उकळत असते. डोक्याजवळचा तारा घ्या आणि हाताने मागे लागा.

विकत काय घ्यावं? आयपीस (२५ मिमीने ४८ पट, १० मिमीने १२० पट), सुमारे ३० मिमी लघुअक्षाचा तिरका सपाट आरसा (प्रकाश बाजूच्या आयपीसकडे वळवणारा), आणि ॲल्युमिनिअमचा लेप. लेप सुमारे ०.१ मायक्रॉन जाडीचा, निर्वात भांड्यात चढतो, तो करून देणाऱ्यांकडे पाठवावा लागतो. घरी चांदीचा लेप देण्याची रासायनिक पद्धत आहे, पण तिचं उरलेलं द्रावण साठवलं तर स्फोटक होतं. ती करू नका. या तीन गोष्टींवर खर्च करा आणि बाकी कशावरही नाही.

दुर्बिणीचा सांगाडा सुताराच्या हातचा. ही साधी बैठक जॉन डॉब्सन याने रूढ केली. तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात संन्यासी होता, पैसा नव्हता, म्हणून जहाजांच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचेचे आरसे घासायचा. १२ किंवा १८ मिमी प्लायचे खोके, सनमायकावर टेफ्लॉनचे छोटे तुकडे, बस्स. नळीऐवजी ६ मिमी प्लायची चौकोनी पेटीही उत्तम, आतली रुंदी १८०-१९० मिमी, आतून काळा मॅट रंग. आरशाला मागून तीन बिंदूंचा आधार पुरतो, तीन बोल्ट आणि स्प्रिंगांवर. कडेच्या चिमट्या आरशाला घट्ट आवळू देऊ नका, कागद सरकेल एवढी फट ठेवा. आवळलं की तारा त्रिकोणी दिसतो.

शिक्षणाचा प्रश्न राहिला. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९४४ साली स्थापन झालेली हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. आरसा घासणाऱ्या माणसाशेजारी दोन दिवस उभं राहायची संधी मिळाली तर जरूर घ्या. घावाची लय आणि राळेचा मऊपणा डोळ्याने बघितला की शब्दांपेक्षा लवकर कळतो. पण उरलेले चाळीस तास कुठलीही संस्था तुमच्या वतीने घासत नाही. विल्यम हर्शेल बाथ गावात ऑर्गन वाजवणारा संगीतकार होता. १७७३ पासून तो धातूचे आरसे घासू लागला, आणि त्याची बहीण कॅरोलिन हिने लिहून ठेवलं आहे की एक आरसा संपवताना त्याने सोळा तास हात उचलला नाही, ती त्याला घास भरवत होती. १३ मार्च १७८१ ला त्याने युरेनस शोधला, तो सव्वासहा इंचांच्या अशाच आरशाने. तुमच्या आरशाएवढाच, आणि परावर्तन तुमच्या ॲल्युमिनिअमपेक्षा बरंच कमी. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा क्लाइड टॉम्बो कॉलेजात जाऊ शकला नाही, कारण गारपिटीने पीक गेलं. त्याने जुन्या ब्यूक गाडीचा दांडा आणि साय काढायच्या यंत्राचे भाग वापरून दुर्बीण केली, आणि तपासणीला हवा स्थिर हवी म्हणून शेतात खड्डा खणला. तिच्यातून काढलेली मंगळ-गुरूची रेखाटनं त्याने लॉवेल वेधशाळेला पाठवली, १९२९ मध्ये तिथे नोकरी मिळाली आणि १८ फेब्रुवारी १९३० ला त्याला प्लूटो सापडला. पदवी त्यानंतर.

टॉम्बोच्या या गोष्टीतलं रेखाटन विसरू नका. दुर्बीण तयार झाल्यावर डोळाही घासावा लागतो. गुरूवर पहिल्या रात्री दोन पट्टे दिसतात. त्याच दुर्बिणीतून, रोज वीस मिनिटं पेन्सिल घेऊन बसलं तर महिन्याभरात पट्ट्यांच्या कडेची वळणं दिसायला लागतात. आरसा बाहेरच्या हवेला ४० मिनिटं ठेवल्याशिवाय ग्रहांकडे वळू नका, आणि धूसर तेजोमेघ बघताना डोळ्याला निदान २०-३० मिनिटं काळोख द्या. ३०० पटींपुढे हा आरसा नेण्यात अर्थ नाही, आपल्या हवेत बहुतेक रात्री दीडशे-दोनशे पटींतच सर्वांत स्वच्छ दिसतं. वर्धन ५०० पट लिहिलेली खोकी दुकानात असतात, त्यांच्याकडे बघूही नका.

एक शेवटचं, लेपाला पाठवण्यापूर्वीचं. कोरी काचही सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवते. चंद्राला तेवढा पुरतो. नळीत आरसा तसाच बसवा, अष्टमीच्या चंद्राकडे लावा आणि उजेड-अंधाराच्या रेषेवरचे खड्डे बघा. कडा धारदार असतील तर एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस आतबाहेर करून दोन्ही बाजूंच्या वलयांची तुलना करा. ती सारखी असतील तर आरसा कापसात गुंडाळून लेपाला पाठवा. नसतील तर लॅप अजून टूलवरच आहे, आणि वहीत शेवटच्या बैठकीची नोंदही.